उभा छेद

टोल्सबरीच्या खाजणाकाठी एक फलक लावायचा होता.
कौन्सिलच्या फिलिपा ग्रिग्सनी ईमेलमध्ये लिहिलं :
भरती, ओहोटी, पक्षी,
आणि मुलांना कळेल असा चिखल.
आईला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, चिखल काढायचे पैसे देतात?
देतात, म्हटलं. थोडे देतात.

मग सहा आठवडे मी चिखल काढला.
वरून दिसतो तो नव्हे,
खरवसाची वडी कापल्यावर दिसते ना,
तशी बाजू : उभा छेद.
वरचा दोन बोटं तपकिरी, साय धरल्यासारखा,
खालचा काळा, नासक्या अंड्याच्या वासाचा,
जिथे हवा पोचत नाही
आणि तरीही कुणीतरी बिऱ्हाड केलेलं असतं.
राळ्याच्या दाण्याएवढ्या गोगलगाई
एकेक भिंगाखाली धरून काढल्या.
एकशे बारानंतर मोजणं सोडलं.
बशीभर गाळात याहून जास्त निघतात.

गळाला लावायचे किडे खणणारा केन ऑक्सली
फावड्यासारखे हात मागे बांधून कागदावर वाकला.
म्हणाला, लगवर्म उलटा काढलास.
डोकं खाली, शेपूट वर.
वाळूवर चकलीसारखं वेटोळं दिसतं
तो त्याचा उद्योग, शेपटीकडचा.
आणि हे काय, डोळे?
मुलांसाठी, म्हटलं मी.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
चाळीस वर्षं मी यांना खणतोय, म्हणाला,
माझ्याकडे अजून एकानेही बघितलेलं नाही.
मी डोळे खोडले.
कागद तिथे जरा खरबरीत झाला.

फिलिपांचं शेवटचं ईमेल :
सुंदर. फक्त एक आकडा घाला.
हे खाजण लाटांचा जोर मोडतं,
त्यामुळे दरसाल इतके पौंड वाचतात.
चित्र बघून लोक छान म्हणतात,
आकडा बघून थांबतात.
घातला. उजव्या कोपऱ्यात, लाल, ठळक.
रागबिग आला नाही मला.
पेणकडच्या आमच्या खाजणाला
वेळेवर कुणी असा आकडा चिकटवला असता
तर आज तिथे गोदामं नसती, कदाचित.
कदाचित आकडा कमी पडला असता.

तीन उन्हाळे गेले.
उन्हात लाल आधी विटतो, हे मला माहीत असायला हवं होतं.
आकडा गेला.
त्याच्याबरोबर रेडशँकचे पायही गेले,
त्या पक्ष्याची सगळी ओळखच पायांत.
तो आता बिनपायांचा, अधांतरी,
चोच तेवढी गाळात खुपसलेली.
आणि माझा तो तपकिरी, सहा आठवड्यांचा तपकिरी,
निळसर हिरवा पडलेला, जुन्या जखमेभोवती पडतो तसा.

डबा खात बसले होते, तेव्हा एक मुलगी आजोबांना विचारत होती,
या पक्ष्याला पाय नसतात?
आजोबांनी फलक वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.
मग मुलीला खांद्याला धरून वळवलं
आणि खाली ओहोटीच्या चरात बोट दाखवलं.
तिथे तो चालत होता,
गाजराच्या सालीएवढ्या दोन लाल पायांवर,
कुणाची वाट न बघता.

फिलिपांना कळवलं. बजेट नाही, म्हणाल्या,
स्वतः रंगवलंत तर आम्ही बघितलं नाही असं समजू.
रविवारी गेले. इनॅमलची छोटी डबी,
शून्य नंबरचा ब्रश, वारा.
दोन पाय, चार फटकारे.
जाड झाले, केन मागून म्हणाला.
झाले होते खरे.

कोपरा तसाच ठेवला.
सायकलवरच्या एका माणसाने विचारलं,
इथे काही लिहिलेलं होतं का?
रक्कम होती, केन म्हणाला.
किती?
मोठी होती.
आणि काटा खांद्यावर टाकून तो उतरला,
पाणी फिरायला अजून तासभर होता.